मेनूत विंडोज दिसत नाही? फॉरमॅट करण्याआधी ओएस-प्रोबर चालवा

मालवणच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि ज्या प्रोग्रॅमबद्दल लिहिते आहे तो माझ्या रोजच्या वापरातला आहे. नाव ओएस-प्रोबर. त्याला ना आयकॉन, ना खिडकी. टर्मिनलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कमांड टाइप करायच्या खिडकीत, नाव टाइप करायचं, जरा थांबायचं, की डिस्कवर कुठे कोणती ऑपरेटिंग सिस्टिम बसलेली आहे ते तो एकेका ओळीत सांगतो. लिनक्स आणि विंडोज एकाच मशीनवर असतील तर मशीन चालू होताना जो मेनू येतो, त्यात विंडोजचं नाव बहुतेक वेळा याच्याच सांगण्यावरून आलेलं असतं. मेनू दाखवतो ग्रब, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टिम उठवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम; खबर पुरवतो ओएस-प्रोबर.

मत आधीच सांगते. काम चोख आहे, पैसे लागत नाहीत, आणि ज्या घरगुती मशीनवर दोन सिस्टिम आहेत तिथे तो असायलाच हवा. पण गेली काही वर्षं ग्रब त्याला आपणहून हाक मारत नाही. मग एखाद्या अपडेटनंतर मेनूतून विंडोज नाहीसं होतं, आणि पुढे जे होतं ते मला बघवत नाही: चांगलं चालणारं विंडोज 'उडालं' म्हणून डिस्क फॉरमॅट केली जाते.

आमच्याकडे दोन सिस्टिमवाली मशीनं का वाढलीत तेही सांगायला हवं. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. किनाऱ्यावरच्या दुकानांत, शाळांत, होमस्टेत जी मशीनं आहेत त्यातली कितीतरी तिसऱ्या-चौथ्या पिढीची. मशीन धडधाकट आहे, मालकाला नवं घ्यायचं नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. मग इंटरनेट, मेल, बँक यांच्यासाठी मी लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार टाकते आणि विंडोज शेजारी तसंच ठेवते. बिलिंगचं सॉफ्टवेअर त्याच्यावर असतं, लग्नपत्रिका करणाऱ्यांचे युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट त्याच्यावर असतात, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर फक्त त्यालाच मिळतो. आंब्याचा सीझन तोंडावर असताना देवगडच्या बागायतदाराला मी नवं बिलिंग शिकायला लावणार नाही.

तारकर्लीकडच्या एका होमस्टेवाल्या ताईंचं मशीन असंच होतं. मेनूतून विंडोज गेलं, घाईत त्यांनी ते दुसरीकडे नेलं, आणि तिथे 'विंडोज करप्ट झालंय' असं सांगून सगळी डिस्क पुसून नवं टाकून दिलं. पाहुण्यांच्या नोंदी गेल्या, मुलीच्या बारशाचे फोटो गेले. मशीन माझ्याकडे आलं तेव्हा परत मिळवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. आधी एक कमांड चालवली असती तर विंडोज आहे की नाही ते तिथल्या तिथे कळलं असतं. मी हे लिहायला बसले ते त्यासाठी.

हल्ली असं मशीन आलं की मी सगळ्यात आधी लाइव्ह पेनड्राइव्ह लावते, म्हणजे ज्यावरून डिस्कवर काही न टाकता लिनक्स चालू होतं तो. मध्यंतरी आचऱ्याचे एक काका स्कूटरवर पायाशी सीपीयू ठेवून घेऊन आले. "बाय, माझो विंडोज खंय गेलो? त्यात सगळी बिलां आसत." पेनड्राइव्हवरून मिंट चालू केलं, टर्मिनल उघडलं आणि टाइप केलं: सुडो ओएस-प्रोबर. ('सुडो' म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालव. कमांड इथे देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.) डिस्कचा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि ओळ आली:

/डेव्ह/एसडीए१@/ईएफआय/मायक्रोसॉफ्ट/बूट/बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय:विंडोज बूट मॅनेजर:विंडोज:ईएफआय

ही ओळ वाचता आली की अर्धी भीती जाते. अपूर्णविरामांनी तिचे चार तुकडे पडतात. पहिल्यात पत्ता: कोणत्या डिस्कचं कितवं पार्टिशन (डिस्कचा कप्पा), आणि ॲट चिन्हापुढे त्यातली नेमकी फाइल. दुसऱ्यात मेनूत दाखवायचं नाव. तिसऱ्यात छोटी खूण, ग्रबच्या सोयीसाठी. चौथ्यात ती सिस्टिम उठवायची कशी ते: मशीन चालू होण्याची नवी पद्धत (यूईएफआय) असेल तर 'ईएफआय', जुन्या पद्धतीवरच्या (बायोस) विंडोजसाठी 'चेन', लिनक्स असेल तर 'लिनक्स'. यूईएफआय मशीनवर विंडोज १० असो की ११, नाव 'विंडोज बूट मॅनेजर' एवढंच येतं. त्यावरून आवृत्ती ओळखायला जाऊ नका. आणि ज्या लिनक्समधून कमांड चालवता ते लिनक्स स्वतः यादीत येत नाही. तो इतरांनाच शोधतो.

विंडोजचा बूटलोडर (त्याला उठवणारा छोटा प्रोग्रॅम) आणि विंडोजच्या फाइली या दोन वेगळ्या जागी असतात, म्हणून तेवढ्यावर न थांबता मी फाइल मॅनेजरमधून त्यांच्या बिलांचं फोल्डरही उघडून दाखवलं. काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "म्हणजे आसा मा?" "आसा काका. फक्त मेनूत नाव नाय."

आत हा काय करतो ते थोडं सांगते, कारण त्याच्यावर विश्वास का ठेवायचा ते त्यातून कळतं. ओएस-प्रोबर डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरसाठी तयार झाला, आणि आजही तो मुख्यतः छोट्या छोट्या शेल स्क्रिप्टचा संच आहे. एकेका सिस्टिमसाठी एकेक चाचणी: विंडोजची वेगळी, मॅकची वेगळी, फ्रीडॉस, हायकू, मिनिक्स यांचीही. तो एकामागून एक पार्टिशन घेतो, प्रत्येकावर या चाचण्या लावतो, आणि जी जुळेल तिचं नाव सांगतो. जुन्या बायोस मशीनवर विंडोजसाठी तो बूटएमजीआर ही फाइल आणि बूट फोल्डरमधली बीसीडी (विंडोजची बूटची नोंदवही) शोधतो, आणि बीसीडीच्या पोटात 'विंडोज ७', 'विंडोज १०' अशी नावं लिहिलेली सापडतात का तेही चाळतो. लिनक्ससाठी ईटीसी फोल्डरातली ओळखपत्राची फाइल वाचतो. मग त्याचा जोडीदार, लिनक्स-बूट-प्रोबर, त्या दुसऱ्या लिनक्सची ग्रब.सीएफजी (मेनूची फाइल) उघडून कर्नल (सिस्टिमचा गाभा) कुठला, इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) कुठली, पर्याय कोणते ते उचलतो. अंदाजाने काहीच लिहिलं जात नाही. फाइल सापडली तर नाव, नाही तर नाही.

पार्टिशन उघडायची त्याची पद्धतही जपून आहे. लिनक्समध्ये 'फक्त वाचण्यासाठी' म्हणून लिनक्सचं नेहमीच्या ईएक्सटी४ प्रकारचं एखादं पार्टिशन जोडलं तरी, ते आधी नीट बंद झालेलं नसेल तर, अर्धवट राहिलेल्या नोंदी पूर्ण करण्यासाठी डिस्कवर लिहिलं जाऊ शकतं. वीज गेल्यामुळे बंद पडलेल्या मशीनवर हे फार महत्त्वाचं, आणि जूनमध्ये आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते इथल्या लोकांना सांगायला नको. ओएस-प्रोबर शक्य असेल तिथे त्याऐवजी ग्रब-माउंट वापरतो. ते ग्रबच्याच वाचनाच्या कोडवर चालतं आणि डिस्कवर काही लिहीत नाही.

एवढं असताना तो बंद का केला? ग्रब २.०६ ही आवृत्ती जून २०२१ मध्ये आली, तेव्हापासून ग्रबने त्याला आपोआप चालवणं थांबवलं. कारण सुरक्षेचं. हा प्रोग्रॅम रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालतो आणि समोर येईल ती डिस्क उघडतो. ती डिस्क कोणाची, तिच्यावर काय लिहून ठेवलंय, याची खात्री नसते. शिवाय ज्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन चालतात तिथे त्यांच्या चालू डिस्कला याने हात लावल्यामुळे डेटा बिघडल्याच्या तक्रारी डेबियनकडे आल्या होत्या. सर्व्हरवाल्यांसाठी निर्णय बरोबर आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण उबंटू या लिनक्सच्या २०.०४ वरून २२.०४ वर गेलेल्या कितीतरी घरगुती लोकांना मेनूत विंडोज दिसेनासं झालं, कारण नव्या आवृत्तीत हे शोधणं बंद होतं. डेबियन १२ मध्ये, म्हणजे २०२३ मध्ये, तिथेही तेच झालं. डेबियनने ते आपल्या टिपणांत लिहून ठेवलं, पण आचऱ्याचे काका ती टिपणं वाचणार नाहीत. अपडेट चालू असताना टर्मिनलमध्ये 'इतर सिस्टिम शोधण्यासाठी ओएस-प्रोबर चालवला जाणार नाही' अशा अर्थाची एक ओळ इंग्रजीत सरकून जाते. खिडक्यांतून अपडेट करणाऱ्याला तीही दिसत नाही. माझी नाराजी आहे ती याच्यावर. कालपर्यंत ज्या मेनूत विंडोज होतं त्यातून ते काढताना माणसाला एकदा ठळक अक्षरात विचारायला हवं होतं.

चालू करायला फार काही लागत नाही. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल सुडोने उघडायची आणि तिच्यात ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ ठेवायची. कधी ही ओळ आधीच असते, पण तिच्या सुरुवातीला हॅश (#) चिन्ह असतं. ते काढलं की झालं. 'डिसेबल' ला 'फॉल्स' म्हणजे चालू, हे उलटं वाचायचं. फाइल सेव्ह करून सुडो अपडेट-ग्रब. फेडोरा या लिनक्सवर ही कमांड नसते. तिथे ग्रब२-एमकेकॉन्फिग वापरून /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी नव्याने लिहून घ्यायची. कमांड चालताना 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर' अशी ओळ दिसली की मशीन रिस्टार्ट करायला हरकत नाही. दिसली नाही तर रिस्टार्ट करून काही बदलणार नाही, तिथेच थांबून शोध घ्या.

शोध कुठे घ्यायचा, याबद्दल जरा सविस्तर लिहिते. इथेच लोक ओएस-प्रोबरला दोष देतात आणि बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो.

सगळ्यात जास्त दिसणारी अडचण मोडची. विंडोज यूईएफआय मोडमध्ये टाकलेलं आणि लिनक्स जुन्या बायोस मोडमध्ये, किंवा उलट. जुन्या मोडमध्ये चालू झालेल्या लिनक्समधून ओएस-प्रोबर यूईएफआयवालं विंडोज मेनूसाठी सांगतच नाही, आणि ते बरोबर आहे, कारण त्या मोडमधून ग्रबला ते उठवता येणार नाही. तपासायची रीत साधी: /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर आहे का बघा. असेल तर यूईएफआय, नसेल तर जुना मोड. लाइव्ह पेनड्राइव्ह वापरतानाही हे आधी बघायचं, कारण काही मशीनच्या बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा यूईएफआय म्हणून आणि एकदा साधा. साधा निवडलात आणि विंडोज सापडलं नाही, तर लगेच घाबरू नका.

आमच्या किनाऱ्यावर हा घोळ एका वेगळ्या कारणाने होतो. मेअखेरीला पर्यटक संपले की होमस्टेतली मशीनं गणपतीपर्यंत बंद असतात. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल दमट हवेत, जुना झालेला, मध्येच मरतो. सेल मेला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात. कधी बूटचा क्रम बदलतो, कधी यूईएफआयचा जुना मोड होतो, कधी डिस्कचा मोड एएचसीआयवरून दुसराच होतो. घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं दिसलं की मी सॉफ्टवेअरला हात न लावता आधी सेल बदलते. (घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर मात्र सेलचा प्रश्न नाही. लिनक्स आणि विंडोज हार्डवेअरचं घड्याळ वेगळ्या पद्धतीने वाचतात त्याचा तो परिणाम. टाइमडेटसीटीएल या कमांडने एकदा जुळवून घ्यायचं.)

आणि खारी हवा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मशीनमध्ये डिस्क जोडणाऱ्या साटा केबलच्या पिनांवर हिरवट थर धरतो. डिस्क कधी दिसते, कधी नाही. अशा वेळी ओएस-प्रोबर गप्प राहतो, कारण त्याच्यासमोर डिस्कच नसते. म्हणून तो काही सांगत नसेल तर पुढची कमांड एलएसबीएलके, जी जोडलेल्या डिस्कची यादी देते. त्या यादीत डिस्कच नसेल तर स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. केबल काढून, कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून, नाहीतर नवी केबल घालून परत बघायचं. अशी कितीतरी 'उडालेली' विंडोज केबल बदलल्यावर परत आलेली मी पाहिली आहेत.

काही नव्या लॅपटॉपवर डिस्क आरएसटी या इंटेलच्या खास मोडमध्ये असते. त्या मोडमध्ये लिनक्सला काही मशीनवर डिस्क दिसतच नाही, मग विंडोज कुठून दिसणार? तो मोड बदलता येतो, पण विंडोजला आधी तयार न करता बदलला तर विंडोज चालू होताना अडतं. हे काम घरी करू नका. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, त्याचंही तसंच. ओएस-प्रोबरला विंडोज सापडतं, मेनूत नावही येतं, पण ग्रबमार्गे विंडोज उठवलं की टीपीएमला बूटचा रस्ता बदललेला दिसतो आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू असतं. की हातात असल्याशिवाय मी बूटला हात लावत नाही. आधी गिऱ्हाइकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून ती काढायला लावते, वहीत लिहून घ्यायला लावते, आणि मगच पुढे जाते.

आता ज्या गोष्टी खरोखरच ओएस-प्रोबरच्या बाजूने कमी आहेत त्या.

त्याने बघितलं ते त्या घटकेला जे होतं ते. मेनू तेव्हाच लिहिला जातो आणि पुढच्या अपडेट-ग्रबपर्यंत तसाच राहतो. विंडोजला याचा त्रास नाही, कारण त्याच्या बूट फाइलचा पत्ता बदलत नाही. पण एका मशीनवर दोन लिनक्स असतील तर दुसऱ्या लिनक्सने कर्नल बदलला की पहिल्याच्या मेनूत जुन्याच कर्नलचं नाव राहतं. तो जुना कर्नल साफ झाला की त्या ओळीवर एंटर मारून काही चालत नाही. शाळेतल्या एका सरांच्या लॅपटॉपवर मिंट आणि उबंटू दोन्ही होते, आणि तिथे आणखी एक गुंता: यूईएफआयवर उबंटू आणि उबंटूवर आधारलेला मिंट दोघेही आपला बूटलोडर 'उबंटू' नावाच्या एकाच फोल्डरात ठेवतात. जो शेवटी टाकला त्याचा राहतो. दोन लिनक्स हवेच असतील तर अशा सख्ख्या भावांची जोडी करू नका.

अपडेट-ग्रब चालवताना बाहेरची डिस्क लावलेली असेल आणि तिच्यावर एखादी सिस्टिम असेल, तर तीही मेनूत जाते. डिस्क काढून नेली तरी नाव राहतं. त्यामुळे कमांड चालवण्याआधी बाहेरच्या सगळ्या डिस्क काढून ठेवायच्या.

जुन्या बायोसवरच्या तयार कंपनीच्या मशीनमध्ये रिकव्हरी पार्टिशनही सिस्टिम म्हणून सापडतं आणि मेनूत बसतं. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. शाळेच्या लॅबमध्ये मुलं बाण खालीवर करून बघणारच, ती त्यांची वाढच आहे. पण त्यातल्या काही रिकव्हरी पार्टिशनांमधून मशीन मूळ अवस्थेला नेण्याचा पर्याय उघडतो. अशी ओळ मेनूतून काढण्यासाठी त्याच /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब फाइलीत ग्रब_ओएस_प्रोबर_स्किप_लिस्ट म्हणून सेटिंग आहे. त्यात पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक), मग ॲट चिन्ह, मग पार्टिशनचा पत्ता लिहायचा. सोय चांगली आहे, पण इतकी आडबाजूला ठेवली आहे की ज्याला गरज आहे त्याला ती सापडत नाही. या गोष्टीपायी मी ओएस-प्रोबर आणि ग्रब या जोडीचा एक तारा कापते. पाचपैकी चार.

पर्यायही मी वापरून पाहिले आहेत. रेफाइंड हा रॉडरिक स्मिथ यांनी लिहिलेला बूट मॅनेजर मला मनापासून आवडतो. तो यादी लिहून ठेवत नाही. मशीन चालू झालं की प्रत्येक वेळी नव्याने शोधतो आणि जे सापडेल त्याची चित्रं मांडतो. विंडोज नव्याने टाकलं, लिनक्सचा कर्नल बदलला, पेनड्राइव्ह लावला, काढला, काही करायला लागत नाही. वयस्क माणसांना विंडोजचं चित्र ओळखता येतं, इंग्रजी ओळ वाचावी लागत नाही, हा मोठा फायदा. कधी एकाच सिस्टिमची दोन-तीन चित्रं येतात, पण नको ते चित्र निवडून वजाचं बटण दाबलं की ते लपवता येतं. अडचण दोन ठिकाणी. तो फक्त यूईएफआयवर चालतो, आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचे बूटलोडर चालू देणारी सोय) चालू ठेवायचं असेल तर त्याची की मशीनमध्ये एकदा नोंदवावी लागते. सिस्टमडी-बूट हा दुसरा बूट मॅनेजरही विंडोज आपोआप दाखवतो, पण विंडोजचा बूटलोडर त्याच ईएफआय पार्टिशनवर (बूट फाइलींच्या कप्प्यात) असेल तर. दोन सिस्टिम दोन वेगळ्या डिस्कवर असल्या, आणि माझ्याकडे तशीच मशीनं जास्त, तर तो उपयोगी पडत नाही.

म्हणून मी असं करते. यूईएफआय लॅपटॉप, मालक स्वतः काही ना काही टाकून बघणारा: रेफाइंड. घरचं साधं मशीन, एक विंडोज आणि एक लिनक्स: ग्रब, आणि ओएस-प्रोबर चालू. शाळेची लॅब, जुनं बायोस, जिथे वर्षभर काही बदलू नये अशी सरांची इच्छा: ओएस-प्रोबर एकदा चालवायचा, त्याने ग्रब.सीएफजीत लिहिलेला विंडोजचा तुकडा उचलून /ईटीसी/ग्रब.डी/४०_कस्टम या फाइलीत ठेवायचा, ओएस-प्रोबर परत बंद करायचा आणि शेवटी अपडेट-ग्रब. त्या तुकड्यात पार्टिशनचा यूयूआयडी असतो, त्यामुळे डिस्कचा क्रम बदलला तरी चालतं. रिकव्हरीची ओळ मेनूत येत नाही, अपडेटने विंडोज जात नाही, आणि शोधात वेळही जात नाही. विंडोज नव्याने टाकून पार्टिशन फॉरमॅट झालं तर मात्र यूयूआयडी बदलतो आणि तो तुकडा पुन्हा घ्यावा लागतो.

शेजारी कोण आहे ते ओळखणं विंडोजच्या बाजूनेही सोपं नाही. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटमध्ये जुने, असुरक्षित लिनक्स बूटलोडर रोखण्याची तरतूद होती. दोन सिस्टिम असलेल्या मशीनवर ती लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. पण काही मशीनवर लिनक्स आहे हे अपडेटला ओळखताच आलं नाही, आणि तिथे लिनक्स उघडायला गेल्यावर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येऊन मशीन बंद होऊ लागली. मायक्रोसॉफ्टने नंतर ते मान्य केलं आणि उपायही दिला. तेव्हाही ज्यांनी घाईने लिनक्स पुसलं त्यांचं नुकसान झालं, ज्यांनी वाट पाहिली त्यांच्या फाइली जागच्या जागी होत्या.

फोनवर विचारणारे खूप असतात, म्हणून हेही सांगून ठेवते. मालवणपर्यंत मशीन आणायच्या आधी एवढे फोटो काढून कोणत्याही जाणत्या माणसाला पाठवा: मशीन चालू होताना येणारा मेनू, सुडो ओएस-प्रोबरचं उत्तर, आणि एलएसबीएलकेची यादी. लिनक्सही उघडत नसेल तर मशीन चालू करतानाच एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जे असेल ते बटण दाबत राहा. मशीनचा स्वतःचा बूट मेनू येईल, आणि यूईएफआय मशीनवर त्यात बहुतेक वेळा 'विंडोज बूट मॅनेजर' ही ओळ असते. तिच्यावर एंटर मारून विंडोज उघडलं तर त्याच दिवशी बिलं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या, मेनू नंतर बघू. समोरचा माणूस हे काहीच न बघता फॉरमॅट म्हणाला, तर मशीन तिथे ठेवू नका.